एक मिनिट तांबडा उजेड

नवरात्रात घटाभोवती उगवलेलं धान ज्यांनी लहानपणी पाहिलं आहे, त्यांना या पुस्तकाचा निम्मा विषय आधीच ठाऊक आहे. परडीत काळी माती, तीत मूठमूठ धान्य, मधोमध पाण्याचा घट आणि शेजारी अखंड तेवणारी समई. चौथ्या-पाचव्या माळेला कोंब मातीवर डोकावतात आणि दसऱ्यापर्यंत वीतभर होतात. रंग मात्र हिरवा नसतो. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाढलेलं ते धान पिवळंधमक, नाजूक, बोटात धरलं तर मोडेल असं असतं. समईच्या बाजूचे कोंब जरासे समईकडे झुकलेले असतात. दसऱ्याला ते उपटून पुरुषमाणसं टोपीत खोवतात, बायका केसांत माळतात, आणि सोनं वाटायला बाहेर पडतात. धान जितकं उंच आणि पिवळं, तितकं वर्ष चांगलं, असं आमची आजी म्हणायची.

मी पुढे एका तालुक्याच्या गावी कितीतरी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी वर्गात पहिला प्रश्न हाच टाकला: अंगणात पेरलेला गहू दहा दिवसांत बुटका पण हिरवागार होतो, मग देवघरातला उपाशी गहू त्याच्यापेक्षा उंच कसा? हुशार मुलं लगेच सांगत, सर, तो उजेड शोधत असतो. उत्तर बरोबर आहे. पण मग पुढचा प्रश्न आला. उजेड नाही हे त्याला कळतं कशानं? आणि उजेड सापडला हे कशानं? वर्ग इथं गप्प व्हायचा. कुणीतरी हळूच म्हणायचं, अन्न तयार व्हायला लागलं की कळत असेल. तसं नाही. अंधारात वाढवलेल्या रोपावर मिनिटभर मंद तांबडा उजेड टाकून पुन्हा अंधार केला, तरी त्याची चाल बदलते: मान वर होऊ लागते, पान उलगडू लागतं, खोडाची धाव आवरते. तेवढ्याशा उजेडात तयार झालेल्या अन्नावर कुणाची न्याहारीसुद्धा व्हायची नाही. म्हणजे रोपानं तो उजेड खाल्लेला नसतो. त्यानं तो ऐकलेला असतो, जसा आपण दारावरची थाप ऐकतो.

ही थाप ऐकतो कोण, याचा शोध अमेरिकेतल्या एका सरकारी शेतकी केंद्रात लागला, आणि हे पुस्तक त्या शोधाची हकीकत सांगतं. लेखिका स्वतः बियांवर काम करणारी शास्त्रज्ञ आहे आणि एके काळी माझ्या त्या गप्प होणाऱ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसत असे. प्रस्तावना लिहा म्हणाली तेव्हा मी आधी कांकूं केलं. निवृत्त माणसाला नवं फारसं ठाऊक नसतं. पण हस्तलिखित वाचताना लक्षात आलं की या विषयातलं जे मला सर्वांत आवडतं ते जुनंच आहे, आणि त्याबद्दल बोलायला मला कुणी थांबवलेलं नाही.

हकीकत तंबाखूपासून सुरू होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेरीलँडमध्ये तंबाखूचं एक अजब वाण निपजलं. उन्हाळाभर ते वाढतच राही, माणसाच्या दीडपट उंच होई, पानांची संख्या शंभराच्या घरात जाई, आणि फूल काही येईना. शेतकऱ्याला पानं हवीच असतात, त्यामुळे तो खूष. पण फूल नाही म्हणजे बी नाही, आणि बी नाही म्हणजे पुढच्या वर्षी पेरायचं काय? नाव पडलं ‘मेरीलँड मॅमथ’. हेच झाड हिवाळ्यात काचघरात ठेवलं की बुटकं असतानाच फुलून येई. दुसरीकडे ‘बिलोक्सी’ नावाचं सोयाबीन होतं. ते वसंतात दर थोड्या दिवसांच्या अंतरानं पेरत गेलं, तरी आधी पेरलेलं आणि नंतर पेरलेलं साधारण एकाच सुमाराला, सप्टेंबरात फुलायचं. जणू सगळ्यांना एकाच मुहूर्ताची पत्रिका गेली आहे.

अमेरिकी कृषी खात्यातल्या वाइटमन गार्नर आणि हॅरी अ‍ॅलार्ड या दोघांनी तापमान बदलून पाहिलं, पाणी, खत बदलून पाहिलं. शेवटी १९१८च्या जुलैत त्यांनी एक बिनखिडक्यांची छोटी खोपी उभी केली आणि दुपारी चारला काही कुंड्या आत ढकलून सकाळी नऊला बाहेर काढायला सुरुवात केली. भर उन्हाळ्यात झाडांना खोटा हिवाळा दाखवला. तंबाखू फुलली, सोयाबीनही फुललं. १९२०मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि दिवसाच्या लांबीनुसार झाडं वागतात, ही कल्पना शेतकीशास्त्रात आली.

आपल्याकडच्या वाचकाला इथं शंका येईल, कारण आपला दिवस फारसा लहानमोठा होत नाही. वॉशिंग्टनजवळ जूनचा सर्वांत मोठा आणि डिसेंबरचा सर्वांत लहान दिवस यांत साडेपाच तासांच्या आसपास फरक पडतो. मुंबईत तो सव्वादोन तासांच्या आतबाहेर असतो. तरीही आपल्या झाडांना तेवढा पुरतो. उसाला तुरा येतो तो दिवस साडेबारा तासांच्या आसपास उतरायला लागल्यानंतरच्या हिशेबानं, आणि तुरा आला की कांडी वाढायची थांबते, पुढे उसात दशी पडते, म्हणून कारखान्याच्या वाटेवर उभा असलेला प्रत्येक शेतकरी या हिशेबाचा बळी असतो, मग त्यानं गार्नरचं नाव ऐकलेलं असो वा नसो. शेवंतीवाले तर हा हिशेब उलटा वापरतात. शेवंती मोठ्या रात्री मिळाल्या की फुलते. म्हणून झाड पुरेसं वाढेपर्यंत पॉलिहाउसमध्ये रात्री दिवे लावायचे, आणि बाजार धरायचा असेल तेव्हा बंद करायचे. रात्री हायवेनं जाताना शेताच्या मधोमध लखलखणारं प्लास्टिकचं घर दिसतं ना, तिथं कुणाचं लग्न नसतं.

पण मी पुढे धावतो आहे. गार्नर-अ‍ॅलार्ड यांना वाटलं होतं की झाड दिवस मोजतं. १९३८मध्ये कार्ल हॅमनर आणि जेम्स बॉनर यांनी कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी बोंडांच्या एका तणावर प्रयोग केले आणि हिशेब उलटा निघाला. या तणाला पुरेशी लांब अशी एकच रात्र मिळाली तरी ते फुलायच्या मार्गाला लागतं. दिवसाच्या मध्ये थोडा अंधार केला तर त्याला काही वाटत नाही. पण रात्रीच्या मध्यावर काही मिनिटं दिवा लावला, की ती रात्र त्याच्या लेखी फुकट. झाड रात्र मोजतं. आणि मध्येच कुणी दिवा लावला तर मोजणी बिघडते.

मग साहजिक प्रश्न: कोणत्या रंगाचा दिवा?

मेरीलँडमधल्याच बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रात हा प्रश्न हाती घेणारी जोडी या पुस्तकाचा खरा नायक आहे. हॅरी बॉर्थविक वनस्पतिशास्त्रज्ञ. स्टर्लिंग हेंड्रिक्स रसायनशास्त्रज्ञ, कॅल्टेकमध्ये लायनस पॉलिंग यांच्या सहवासात तयार झालेले, मातीतल्या चिकणकणांची स्फटिकरचना उलगडण्यात नाव कमावलेले, आणि सुट्टीत डोंगर चढणारे. एकाला झाडाची नस कळत होती, दुसऱ्याला किरणांची. त्यांच्या जोडीला मॅरियन पार्कर. यांनी कार्बन आर्कचा प्रखर दिवा आणि मोठाले काचेचे लोलक घेऊन इंद्रधनुष्य इतकं रुंद पसरवलं, की त्याच्या एकेका पट्ट्यात रोपं ओळीनं मांडता यावीत. रात्रीच्या मध्यावर कुणाला जांभळा, कुणाला हिरवा, कुणाला तांबडा उजेड द्यायचा, आणि पुढे कुठल्या रोपाची कळी थांबली ते बघायचं.

उत्तर तांबड्यावर येऊन थांबलं. तरंगलांबी ६६० नॅनोमीटरच्या आसपास. सोयाबीनला तोच, काटेरी तणालाही तोच. बार्ली तर लहान रात्रीत फुलणारं पीक, म्हणजे स्वभावानं अगदी उलट, तिलाही तोच. अंधारात वाढलेल्या वाटाण्याचं पान मोठं करणारा उजेडही तोच. इतक्या वेगळ्या झाडांत, इतक्या वेगळ्या कामांना एकच रंग लागत असेल, तर त्या सगळ्यांच्या पोटात तो रंग टिपणारं एकच द्रव्य असलं पाहिजे. ते हरितद्रव्य नव्हे, कारण हरितद्रव्याला लागणारा निळा उजेड इथं फारसा चालत नव्हता. मग कोणतं? कुणी पाहिलेलं नव्हतं.

आणि इथं लेट्यूसचं बी गोष्टीत येतं.

हे बी म्हणजे तांदळाच्या कणीहून बारीक, एकाचं वजन मिलिग्रॅमच्या आसपास. वाल, हरभरा यांच्यासारखी शिदोरी त्याच्या पोटात नसते. खोल गाडलेलं असताना ते उगवलं, तर मातीवर पोचायच्या आधीच शिदोरी संपायची. म्हणून अशी पुष्कळ बारीक बियाणी उजेड दिसल्याशिवाय उगवायचंच नाकारतात. कृषी खात्यातले लुईस फ्लिंट आणि स्मिथसोनियन संस्थेतले मॅकअ‍ॅलिस्टर यांनी १९३०च्या दशकातच दाखवलं होतं, की लेट्यूसच्या बियांना तांबडा उजेड उगवायला लावतो, आणि त्याच्याही पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा अतितांबडा उजेड उगवण दाबतो. निष्कर्ष छापला गेला आणि पंधराएक वर्षं कपाटात पडून राहिला. शास्त्रात हे नेहमीचंच.

त्या पलीकडच्या रंगाला इंग्रजीत फार-रेड म्हणतात. लेखिकेनं त्यासाठी ‘पल्याडचा तांबडा’ असा शब्द योजला आहे. पाठ्यपुस्तकवाले नाकं मुरडतील, पण मला तो आवडला. दूर नाही, नदीच्या पलीकडच्या काठाइतकाच, आणि तरी वेगळा मुलूख.

बेल्ट्सव्हिलमध्येच एबेन आणि व्हिव्हियन टूल हे नवराबायको बियांच्या उगवणीवर काम करत होते. बॉर्थविकही तरुणपणी कॅलिफोर्नियात लेट्यूसच्या बियांमागे लागलेले. दोन्ही गट एकत्र आले. ‘ग्रँड रॅपिड्स’ या वाणाच्या बिया भिजवून अंधारात ठेवल्या आणि त्यांच्यावर इंद्रधनुष्य टाकलं. उगवणीला चालना देणारा रंग फुलांच्या प्रयोगात निघाला होता तोच निघाला. मग त्यांनी फ्लिंट-मॅकअ‍ॅलिस्टरचा जुना धागा उचलला आणि एक पोरकट म्हणावा असा प्रयोग केला. आधी तांबडा, मग पल्याडचा. मग परत तांबडा, परत पल्याडचा. एक मिनिट हा, चार मिनिटं तो. लहान मूल दिव्याचं बटण चालू-बंद करतं तसं.

१९५२मध्ये प्रसिद्ध झालेला तो तक्ता मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिला आहे की आजही न बघता सांगू शकतो. फक्त तांबडा: शंभरातल्या ७० बिया उगवल्या. तांबडा आणि नंतर पल्याडचा: ६. त्यावर पुन्हा तांबडा: ७४. पुन्हा पल्याडचा: ६. तांबडा: ७६. पल्याडचा: ७. तांबडा: ८१. पल्याडचा: ७. किती वेळा बटण दाबलं याच्याशी बियांना कर्तव्य नाही. शेवटचा दिवा कोणता विझला, तेवढंच त्या लक्षात ठेवतात.

वर्गात हा तक्ता लिहून झाला की मी खडू खाली ठेवायचो आणि मुलांना म्हणायचो, आता यावरून सांगा, आत काय आहे. हेंड्रिक्सनं नेमकं हेच केलं. आत एकच रंगद्रव्य आहे आणि त्याची दोन रूपं आहेत. एक तांबडा उजेड शोषतं आणि शोषताच दुसऱ्यात पालटतं. ते दुसरं पल्याडचा तांबडा शोषतं आणि पुन्हा पहिल्यात येतं. दुसरं रूप कामाचं, तेच उगवायचा हुकूम देतं. द्रव्य अगदी अल्प प्रमाणात असणार, नाहीतर अंधारातल्या रोपांचा रंगच वेगळा दिसला असता. तांबडं शोषतं, त्याअर्थी डोळ्याला ते निळसर दिसेल. इतकं सगळं, शंभर बियांतल्या किती फुटल्या हे मोजून! मग हे लोक पुन्हा त्या काटेरी तणाकडे वळले आणि रात्रीच्या मध्यावर दिलेल्या तांबड्या उजेडाचा परिणाम पल्याडच्या उजेडानं पुसता येतो का ते पाहिलं. पुसता आला. बीमध्ये बसलेलं बटण आणि कळीमागचं बटण एकच होतं.

माझ्या मते शास्त्राच्या इतिहासात इतक्या स्वस्त सामानात इतका लांबचा तर्क फार थोड्या वेळा बांधला गेला आहे. पण सगळ्यांना तो पटला नव्हता. ज्याला कुणी पाहिलं नाही, बाटलीत धरलं नाही, ते द्रव्य यांच्या कल्पनेतच असेल, अशी चेष्टाही झाली. चेष्टा करणाऱ्यांची अगदीच चूक होती असं मला वाटत नाही. मोजणीवर बांधलेला तर्क कितीही देखणा असला तरी तो दाखवता यावा लागतो.

दाखवायची अडचण अशी की पान दळून त्यातून उजेड आरपार सोडून मोजावा, तर हरितद्रव्य सगळा तांबडा उजेड गिळून टाकतं, आणि गढूळ लगद्यात प्रकाश विखुरतो तो वेगळाच. मदत आली ती त्याच आवारातल्या एका अभियंत्याकडून. कार्ल नॉरिस हे शेतमालाची प्रत तपासायची यंत्रं बनवत: अंडं न फोडता आत रक्ताचा डाग आहे का, फळ न कापता आत कसं आहे. त्यांचं उपकरण दाट, अपारदर्शक वस्तूतूनही उजेड मोजू शके. जीवभौतिकीतले वॉरन बटलर आणि नॉरिस यांनी ते या कामाला जुंपलं. आणि नमुना कोणता घ्यावा? हरितद्रव्य नसलेला, म्हणजे उजेड कधीच न पाहिलेला. अंधारात वाढवलेले मक्याचे कोंब.

म्हणजे आमच्या घटावरचं धान!

हस्तलिखितात हे पान वाचताना मी उठून उभा राहिलो. इतकी वर्षं घटापासून सुरुवात करून शिकवलं, १९५९चा हा प्रयोगही शिकवला, पण दोन्ही टोकं एकाच परडीत आहेत हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. ते लेखिकेला दिसलं. अंधारातल्या पिवळ्या कोंबात हरितद्रव्याचा अडथळा तर नसतोच, शिवाय हे अनोळखी द्रव्य अंधारात साठत जातं. उजेडाची वाट पाहणारा कोंब कानात प्राण आणून बसलेला असतो म्हणा ना. बेल्ट्सव्हिलमध्ये ते कोंब चिरून यंत्रात दाबून भरले. तांबडा उजेड टाकल्यावर ६६० जवळचं शोषण उतरलं आणि ७३० जवळचं चढलं. पल्याडचा उजेड टाकला, काटा उलटा फिरला. सात वर्षांपूर्वी बिया मोजून सांगितलेलं द्रव्य यंत्राच्या कागदावर उमटलं. नाव पडलं फायटोक्रोम, म्हणजे झाडाचा रंग. पुढे ते शुद्ध करून बाटलीत आलं तेव्हा खरोखरच निळं निघालं.

या मंडळींना नोबेल मिळालं नाही. मिळायला हवं होतं का, यावर लेखिकेनं एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं आहे. ते मला जरा लांबलेलं वाटलं.

त्यापेक्षा पुढचं, सावलीचं प्रकरण दोनदा वाचावं. उन्हात तांबडा आणि पल्याडचा साधारण बरोबरीनं असतात. पण हिरवं पान तांबडा गिळतं आणि पल्याडचा खाली सोडून देतं. म्हणून दाट झाडीखाली पोचणाऱ्या उजेडात पल्याडच्याचं पारडं जड होतं. झाडाखाली पडलेल्या बीला डोकं वर काढायच्या आधीच बातमी असते की वर छप्पर आहे, आता उठू नकोस. शेजारची रोपं दाटीनं वाढली असली, तर त्यांच्या अंगावरून आलेल्या उजेडावरून रोपाला स्पर्धेची कुणकुण लागते आणि ते पानं-मुळं सोडून उंचीच्या मागे लागतं. दाट पेरणीतलं पीक शिडशिडीत होतं, ते केवळ अन्नपाण्याच्या ओढाताणीमुळे असं आपण समजतो. प्रत्यक्षात ओढाताण सुरू व्हायच्या आधीच त्यांनी शेजारी ओळखलेले असतात. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात हॅरी स्मिथ यांनी या सावलीच्या भाषेवर आयुष्यभर काम केलं.

तणांचंही तसंच. जमिनीत उजेड काही मिलिमीटरच्या खाली जात नाही, आणि तिथं तणांच्या असंख्य बिया वर्षानुवर्षं निजलेल्या असतात. आपण नांगर फिरवतो तेव्हा ढेकूळ उलटताना त्या बीला क्षणभर ऊन दिसतं आणि ती पुन्हा गाडली जाते. तेवढं पुरतं. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी धोतऱ्याच्या एका जातीवर दाखवलं की काही काळ जमिनीत राहिलेलं बी उजेडाला हजारो पटींनी हळवं होतं. मग डोळ्याचं पातं लवायलाही लागणार नाही इतकं ऊन त्याला जागं करतं. यावरून जर्मनीत रात्री नांगरट करून पाहण्यात आली. काही शेतांत तण चांगलंच घटलं, काही ठिकाणी फरक नगण्य. रात्री नांगरा म्हणजे तणनाशक नको, असा सल्ला द्यायला लेखिका तयार नाही, आणि तिचा हा सावधपणा मला मोलाचा वाटतो. आपल्याकडे अर्ध्या प्रयोगावर पूर्ण पत्रक छापायची घाई असते.

इथंच तिनं आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली आहे: इतक्या अल्प उजेडाला जागणाऱ्या बियांच्या बाबतीत माझा आवडता तक्ता लागू पडत नाही. पल्याडचा उजेडसुद्धा त्यांना जागं करू शकतो. कारण फायटोक्रोम एक नाही. नेदरलँड्समध्ये मार्टेन कोर्नीफ यांनी १९८०मध्ये उजेडातही अंधारासारखी लांबुळकी वाढणारी रोपं वेगळी काढली, आणि तिथून जनुकांचा धागा सुरू झाला. मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या रोपात पाच प्रकारचे फायटोक्रोम निघाले. एक मंद उजेडाला हळवा, दुसरा लेट्यूसच्या बटणासारखा उलटसुलट होणारा. २०१६मध्ये आणखी कळलं, की यांतलाच एक रात्रीचं तापमानही मोजतो. निळ्या उजेडाचे श्रोते तर वेगळेच. समईकडे झुकणारे कोंब त्यांच्या सांगण्यावरून झुकतात. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८०च्या त्यांच्या ग्रंथात कोंबाच्या शेंड्यालाच उजेड कळतो हे दाखवलं, तेव्हा त्यांच्याही खोलीत दिवेच होते. आपल्याकडे दिल्लीत सतीशचंद्र माहेश्वरी, सुधीर सोपोरी यांच्यासारख्यांनी या विषयाची परंपरा उभी केली. ज्यांचा जीवशास्त्राशी संबंध दहावीनंतर सुटला आहे, त्यांनी जनुकांची शेवटची दोन प्रकरणं पहिल्या वाचनात गाळली तरी चालेल. मी लेखिकेला हे सांगितलं, ती रागावली नाही.

गव्हाचं प्रकरण मात्र गाळू नका. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत वर्षाला दोन पिकं घेण्यासाठी एकच बियाणं उत्तरेच्या सोनोराच्या सखल भागात आणि तोलुकाच्या उंच पठारावर आळीपाळीनं पेरलं. तोलुका मुंबईच्याच अक्षांशावर आहे, सोनोरातली त्यांची शेतं त्याच्या बरीच उत्तरेला. हेतू वेळ वाचवायचा होता. पण दोन्हीकडच्या दिवसाची लांबी निराळी, त्यामुळे जो गहू दिवस-रात्रीचा हिशेब ठेवत बसे तो एका ठिकाणी मार खाई, आणि चाळणीत उरले ते हिशेबाकडे दुर्लक्ष करणारे. तोच गहू म्हणून पुढे भारतात येऊन रुळू शकला. तंबाखूच्या फुलापासून निघालेला धागा आपल्या पोळीपर्यंत असा येतो.

आता माझ्या फजितीचं सांगतो, कारण लेखिकेनं ती पुस्तकात घातलेली नाही आणि ती त्या फजितीची साक्षीदार आहे. मी वर्गात तो तक्ता करून दाखवायचं ठरवलं. लाल सेलोफेनचा कागद, साधा पिवळा बल्ब, बियांचं एक पाकीट. पहिल्या वर्षी परीक्षेनंतर, एप्रिलात केला. एकही बी उगवलं नाही. लेट्यूसला आपला उन्हाळा सोसत नाही हे मला नंतर कळलं. दुसऱ्या वर्षी कडक थंडीत केला, तर अंधारात ठेवलेलं बीही उगवून आलं, कारण गारव्यात त्याची उजेडाची अट सैल होते. तिसऱ्या वर्षी हवा जमली, तर ध्यानात आलं की लाल सेलोफेनमधून तांबडा आणि पल्याडचा दोन्ही जातात आणि त्या बल्बमधून तर पल्याडचा भरपूर येतो. शिवाय पाकिटातलं वाण ‘ग्रँड रॅपिड्स’ नव्हतंच. मुलं शांतपणे मोजत होती आणि मी शांतपणे घामाघूम होत होतो. मग मी फळ्यावरच्या आकड्यांवर परतलो आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिलो.

हस्तलिखित द्यायला आली तेव्हा लेखिकेनं पिशवीतून दोन छोटे एलईडी दिवे काढले. एक ६६०चा, एक ७३०चा. रोपवाटिकेसाठी हल्ली सहज मिळतात. दुसरा लावला की तो लागला आहे की नाही हेच धड कळेना, नुसती एक मळकट लाली. सोबत योग्य वाणाच्या बिया, एका बशीत शंभर अशा मोजून. स्वयंपाकघराच्या खिडकीला गोधडी लावली, दाराच्या फटीला टॉवेल. सौ.नी आठ बशा दिल्या आणि किती दिवस लागतील ते आधी विचारून घेतलं. आम्ही दोघं अंधारात घड्याळ धरून बसलो. एक मिनिट हा, चार मिनिटं तो. शेवटची बशी काळ्या कापडात गुंडाळून झाली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

दोन दिवसांनी ती परत आली. कापडं सोडली, खिडकी उघडली, चष्मा पुसला. पहिली बशी तिनं मोजली, दुसरी मी.